वाचकांचे प्रश्न : खाणीच्या भरावावरील ओढे-नाले

उघड्या खाणीची जमीन भरून व सपाट करून तिच्यावर झाडे लावली जातात. पण पावसाचे पाणी तिथून कोणत्या वाटेने जावे, हा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सहा येथे घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची आणि खाणींची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमचे शेत खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्यापासून अर्ध्या किलोमीटरवर आहे. ढिगाऱ्याच्या पायथ्याशी दर मे महिन्यात यंत्राने नाली खोदतात, तरी जुलैपर्यंत ती बुजते आणि रेतीमिश्रित चिकण गाळ आमच्या कपाशीत पसरतो. नाली आणखी रुंद केली तर हे थांबेल का? (एक शेतकरी, वणी तालुका)

उत्तर : नुसती रुंद केली तर बहुधा ती आणखी लवकर बुजेल. पाणी तेवढेच राहून पात्र रुंद झाले की प्रवाह उथळ आणि संथ होतो, आणि संथ पाणी रेती पुढे नेऊ शकत नाही. अमेरिकी अभियंते एमोरी लेन यांनी १९५५ मध्ये हा संबंध मांडला, तो आजही उपयोगी पडतो. एका बाजूला पाण्याचा विसर्ग आणि तळाचा ढाळ, दुसऱ्या बाजूला वाहून येणारा गाळ आणि त्याच्या कणांचा आकार, असा तो तोल आहे. गाळाची बाजू जड झाली की पात्र भरत जाते आणि पाण्याची बाजू जड झाली की ते खोदले जाते. ढिगाऱ्याच्या पायथ्याची नाली जवळजवळ सपाट असते आणि वरून येणारा गाळ अमाप असतो, त्यामुळे ती भरणे अटळच असते.

खरा प्रश्न वरच्या टप्प्यांवर आहे. ढिगारा टप्प्याटप्प्याने रचतात आणि प्रत्येक टप्प्याचा ढाळ आतल्या बाजूला ठेवतात, म्हणजे पाणी कडेवरून न सांडता टप्प्याच्या आतल्या अंगाने एका ठरावीक उतरणीपर्यंत जावे. कागदावर ही रचना निर्दोष असते. परंतु खणून काढलेला खडक मूळ जागेपेक्षा साधारण वीस ते तीस टक्के जास्त जागा व्यापतो, नंतर काही वर्षे तो बसत राहतो आणि सगळीकडे सारखा बसत नाही. त्यामुळे टप्प्यावर कुठेतरी खोलगट जागा तयार होते, तिथे पाणी तुंबते आणि एखाद्या मोठ्या सरीत कड फोडून खाली कोसळते. तुमच्या शेताच्या दिशेने येणारी घळ अशाच एखाद्या जागी सुरू झालेली असण्याची शक्यता मोठी आहे. पावसाळ्यानंतर ढिगाऱ्याकडे पाहिले तर घळीचा माथा कोणत्या टप्प्यावर आहे ते खालूनही दिसते. दुरुस्ती तिथून सुरू व्हायला हवी.

पर्यावरण मंजुरीच्या अटींमध्ये ढिगाऱ्याभोवतीची नाली, पायथ्याची संरक्षक भिंत आणि गाळ बसवण्याचे टाके या तीन गोष्टी सहसा असतात, आणि ढिगाऱ्याचा एकूण उतार २८ अंशांपेक्षा जास्त नसावा अशीही अट अनेकदा असते. जनसुनावणीत किंवा ग्रामसभेत नालीच्या रुंदीपेक्षा दोन गोष्टी विचारणे अधिक फायद्याचे ठरेल. एक, नाली नेमकी कुठे आणि कोणत्या पातळीवर बाहेर पडते. दोन, गाळाचे टाके पावसाळ्यापूर्वी रिकामे केले होते का. मात्र टाक्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. रेती त्यात काही मिनिटांत बसते, परंतु बारीक चिकणमाती स्थिर पाण्यातही दिवसच्या दिवस तरंगत राहते. ती अडवण्याची जागा ढिगाऱ्याच्या अंगावरच आहे, म्हणजे गवताखाली.

प्रश्न : भरावाच्या माथ्यावरचे पाणी खाली आणण्यासाठी आम्ही दगडी पिचिंगची (तळाला व काठांना दगड बसवलेली) उतरती नाली बांधली. दुसऱ्याच मोठ्या पावसात मधला भाग निखळला आणि खाली माणूसभर खोल घळ पडली. आता मोठे दगड लावावेत की काँक्रीट करावे? (एक कनिष्ठ अभियंता, चंद्रपूर)

उत्तर : निर्णय घेण्यापूर्वी निखळलेले दगड कुठे सापडतात ते पाहावे. ते वाहत जाऊन पायथ्याशी पडले असतील तर दगड लहान पडले. ते जवळपास त्याच जागी, पण खाली खचलेले सापडले तर दगडांचा आकार पुरेसा होता आणि त्यांच्या फटींतून खालची माती निसटून गेली. या दोन बिघाडांवरचे उपाय वेगळे आहेत आणि दुसऱ्या बिघाडावर मोठा दगड लावल्यास परिस्थिती आणखी बिघडते, कारण मोठ्या दगडांमधल्या फटीही मोठ्या असतात.

पहिल्या शक्यतेचा हिशेब करून पाहू. समजा, नालीवरचे पाणलोट क्षेत्र १२ हेक्टर आहे, पावसाची तीव्रता तासाला ८० मिलिमीटर धरली आणि डंपरांच्या फेऱ्यांनी दबलेल्या नव्या जमिनीवरून पडलेल्या पाण्यापैकी ०.६ भाग वाहून येतो असे मानले, तर विसर्ग सेकंदाला सुमारे १.६ घनमीटर होतो. नालीच्या तळाची रुंदी ३ मीटर आहे आणि ढाळ शंभर मीटरला २ मीटर आहे असे धरले तर पाण्याची खोली सुमारे ३२ सेंटीमीटर येते आणि तळावरचा ८ सेंटीमीटर व्यासाचा दगड जेमतेम जागेवर राहतो. तेच पाणी, तेवढ्याच रुंदीतून, शंभराला १० मीटर ढाळाने सोडले तर खोली कमी होऊन २२ सेंटीमीटरवर येते, पण जागेवर राहणारा दगड आता २९ सेंटीमीटरचा लागतो. वजनात बोलायचे तर पाऊण किलोचा दगड ३४ किलोंवर गेला. यात सुरक्षेसाठी काहीच धरलेले नाही. ते धरल्यावर दगड आणखी मोठा होतो. आणि २८ अंशांचा उतार म्हणजे शंभराला ५३ मीटर! तिथे हे गणित लागूच पडत नाही, तिथे नाली म्हणजे धबधबाच असतो आणि तो पायऱ्या-पायऱ्यांनीच उतरवावा लागतो.

यातून माझे मत असे झाले आहे की, दगडाचा आकार ही सर्वांत शेवटी ठरवायची गोष्ट आहे. आधी त्या उतरणीवर येणारे पाणीच कमी करता येते का ते पाहावे. बारा हेक्टरांचे पाणी एका नालीत आणण्याऐवजी माथ्याची जमीन अशी घडवावी की चार-चार हेक्टरांच्या तीन दऱ्या होतील. त्यानंतर ढाळ पाहावा. नाली उताराला सरळ न सोडता तिरकी उतरवली तर तिची लांबी वाढून ढाळ कमी होतो. तिरक्या नालीला एक धोकाही आहे. तिचा खालचा काठ भरावाचा असतो आणि तो खचला की सगळे पाणी नसत्या जागी फुटते. म्हणून अशी नाली उथळ बांधावर न टेकवता भरावाच्या अंगात खोल बसवावी, म्हणजे ती मुळातच दरीसारखी असावी.

दुसऱ्या शक्यतेसाठी, म्हणजे माती निसटण्यासाठी, दगडांखाली गाळणीचा थर लागतो. भरावाच्या बारीक मातीवर आधी रेती, त्यावर खडी आणि त्यावर दगड असा क्रम ठेवावा, किंवा रेती-खडीऐवजी भू-वस्त्र (पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे कापड) अंथरावे. खर्च वाचवताना हाच थर सर्वांत आधी गाळला जातो, कारण काम पूर्ण झाल्यावर तो कोणाला दिसत नाही. दगडाची जातही तपासावी. वर्धा खोऱ्यातील कोळशाच्या वर असलेला कामठी वालुकाश्म अनेक ठिकाणी मऊ आहे आणि शेल (चिखलापासून बनलेला थरांचा खडक) तर दोन पावसाळ्यांत ओले-कोरडे होऊन पापुद्र्यांनी सुटतो. ढिगाऱ्यातच मिळतो म्हणून असा दगड पिचिंगला वापरला, तर आज ३० सेंटीमीटरचा असलेला दगड थोड्याच वर्षांत मुठीएवढा उरतो. यवतमाळच्या बाजूचा काळा बेसाल्ट आणावा लागला तरी वाहतुकीचा खर्च वाया जात नाही.

काँक्रीटचा सल्ला मी नव्या भरावावर सहसा देत नाही. भराव बसतो, काँक्रीट वाकत नाही, आणि मग त्याच्याखाली पोकळी तयार होते. एखाद्या सांध्यातून पाणी आत शिरले की वरून अखंड दिसणाऱ्या नालीखाली बोगदा पडलेला असतो. दगडी पिचिंग किंवा जाळीचे गॅबियन (तारेच्या जाळीत भरलेले दगड) भरावाबरोबर थोडेफार खाली बसू शकते. ज्या ठिकाणी भराव नाही, मूळ जमीन शाबूत आहे, तिथे काँक्रीटला माझी हरकत नाही. परंतु तशी जमीन उपलब्ध असेल तर मुख्य नाली मुळातच त्या जमिनीवरून नेणे शहाणपणाचे.

आणि नालीचा पायथा विसरू नये. उतरणीच्या शेवटी पाण्याचा जोर मोडण्यासाठी दगडांनी भरलेला डोह नसेल, तर घळ खालून वर सरकत येते आणि वरचे उत्तम पिचिंग पायाखालची जमीन गेल्यामुळे कोसळते. पावसाळ्यानंतर पाहणी करताना म्हणूनच वरून खाली न येता खालून वर चालत जावे.

प्रश्न : अमेरिकेत खाणीची जमीन नैसर्गिक टेकड्या-दऱ्यांसारखी घडवण्याची पद्धत वापरतात असे वाचले. आपल्याकडच्या पावसात ती टिकेल का? (खाण अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : अमेरिकेत पृष्ठीय खाणकामाचे नियंत्रण आणि खाणजमिनीचे पुनर्वसन यांसाठीच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ३ ऑगस्ट १९७७ रोजी स्वाक्षरी केली. खाणीनंतरची जमीन साधारण मूळ आकाराला आणावी, अशी सक्ती त्या कायद्याने केली. सुरुवातीच्या काळात याचा अर्थ एकसारखे उतार, आडवे बांध आणि दगडी उतरण्या असाच घेतला गेला, आणि ते बांध फुटत राहिले. पुढे निकोलस बुगोश यांनी विकसित केलेल्या पद्धतीत आसपासच्या टिकून असलेल्या ओढ्यांची मोजमापे घेऊन त्यांवरून नव्या जमिनीचा आराखडा काढला जाऊ लागला. न्यू मेक्सिको राज्याच्या वायव्य भागातील ला प्लाटा कोळसा खाण हे तिचे बहुचर्चित उदाहरण आहे. मध्य स्पेनमध्ये आल्तो ताखो निसर्ग उद्यानालगतच्या एल माचोरो या केओलिनच्या (चिनी मातीच्या) खाणीवरही ती वापरली गेली.

या पद्धतीत मोजतात ते असे : दर हेक्टरमागे ओढ्यांची लांबी किती, माथ्यापासून पहिला ओघळ किती अंतरावर सुरू होतो, वळणे किती रुंद आहेत, आणि तळाचा ढाळ माथ्याकडून पायथ्याकडे कसा कमी होत जातो. शेवटची बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नैसर्गिक ओढा वर तीव्र आणि खाली मंद असतो, कारण खाली जाताना पाणी वाढते आणि वाढलेल्या पाण्याला तेवढाच गाळ वाहायला कमी ढाळ पुरतो. आपल्या ढिगाऱ्यांचा आकार नेमका उलटा आहे. माथा सपाट, कड उभी, म्हणजे जिथे पाणी सर्वाधिक साठून आले आहे तिथेच उतार सर्वांत तीव्र. अशा आकारावर घळी पडून पाणी स्वतःच तो आकार बदलायला लागते आणि बदललेली माती शेजारच्या शेतात टाकते.

आता आपल्या पावसाविषयी. न्यू मेक्सिकोचा तो भाग अर्धशुष्क आहे, तर चंद्रपूरला वर्षाला सुमारे १२०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्यामुळे तिथले आकडे इथे उचलून आणणे घातक ठरेल. पद्धत आणता येते, मोजमापे इथलीच हवीत. इथे एक अडचण आहे. वर्धा खोऱ्यातील मूळ जमीन जवळजवळ सपाट आहे आणि खाणीने उभी केलेली टेकडी कित्येक मीटर उंच आहे, तेव्हा शेजारच्या शेतातून जाणारा नाला तिचा आदर्श होऊ शकत नाही. उंची, माती आणि वनस्पती यांत साम्य असलेल्या जुन्या टेकडीचा शोध घ्यावा लागतो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा, आता झाडोऱ्याने झाकलेला ढिगारा जवळपास असेल तर त्यावर टिकून राहिलेल्या ओघळींचे मोजमाप तुमच्या प्रबंधासाठी परदेशी लेखांपेक्षा अधिक मोलाचे ठरेल.

या पद्धतीची खरी मर्यादा पावसात नाही, जागेत आहे. मंद उताराच्या दऱ्या काढायच्या तर ढिगाऱ्याचा पायथा पसरावा लागतो आणि त्यासाठी आणखी जमीन लागते, जी आधीच खाणीला जमिनी दिलेल्या गावांकडे मागणे अन्यायाचे होईल. म्हणून उभ्या राहिलेल्या ढिगाऱ्यांपेक्षा, खाणीच्या आत परत भरल्या जाणाऱ्या मातीवर आणि अजून रचले न गेलेल्या ढिगाऱ्यांवर तिचा विचार आधी करावा. डंपर माती टाकणारच असतो. ती कुठे टाकायची हे आधी ठरले तर खर्च फारसा वाढत नाही, नंतर तीच माती उचलून हलवायची म्हटल्यास मात्र तो परवडत नाही.

प्रश्न : आमच्या गावचा नाला खाणीसाठी वळवला होता. तो भाग आता भरला जात आहे. नाला जुन्या वाटेने परत येईल का? (ग्रामपंचायत सदस्य, भद्रावती तालुका)

उत्तर : आणता येतो, परंतु जुनी वाट नकाशावर तंतोतंत जुळवण्यापेक्षा नाला भरावात शिरतो ती पातळी आणि बाहेर पडतो ती पातळी जुळणे अधिक महत्त्वाचे आहे. या दोन टोकांमधला तळ सलग उतरता हवा, आणि भराव पुढे बसणार हे धरून तो सुरुवातीला थोडा उंच ठेवावा लागतो. सर्वांत मोठा धोका खाणीच्या शेवटच्या खड्ड्याचा असतो. नाला त्या खड्ड्यात कोसळू दिला तर कोसळण्याच्या जागेपासून घळ भरावातून उलटी, गावाच्या दिशेने चढत येते. खड्ड्याचे तळे करायचे असेल तर त्यात पाणी घेण्याची आणि सांडण्याची जागा पक्क्या जमिनीवर बांधावी.

पात्र दोन पदरी असावे. आत लहान पात्र, ज्यात वर्ष-दोन वर्षांनी येणारा पूर मावेल, आणि त्याच्या दोन्ही अंगांना गवताचे रुंद सखल काठ, ज्यांवर मोठा पूर पसरून संथ होईल. एकच मोठा खंदक खोदला तर छोट्या प्रवाहात तो गाळाने भरतो आणि मोठ्या पुरात सगळा जोर तळावर येतो. तुलनेसाठी सांगतो, अमेरिकी नियमांनुसार बारमाही किंवा हंगामी ओढा कायमचा वळवताना शंभर वर्षांत एकदा येणारा सहा तासांचा पाऊस सामावेल एवढी क्षमता, पात्र आणि पूरकाठ मिळून, ठेवावी लागते. तात्पुरत्या वळणासाठी दहा वर्षांतून एकदा येणारा पाऊस धरतात. तुमच्या नाल्यासाठी कोणता पाऊस धरला आहे, हे लेखी विचारावे.

भरावातून पाणी झिरपून जाते, त्यामुळे पूर्वी डिसेंबरपर्यंत वाहणारा नाला सप्टेंबरातच कोरडा पडू शकतो. तळाखाली चिकणमातीचा दाबलेला थर देतात, पण काळी माती उघडी ठेवली तर उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. तिच्यावर मुरूम-गोट्यांचे आवरण हवे. पाणी नव्या पात्रात सोडायचे काम कोरड्या हंगामात, काठांवर गवत धरल्यानंतर करावे, आणि सध्याचा वळण-नाला पहिले काही पावसाळे बुजवू नये, म्हणजे जास्तीचे पाणी तिकडून जाऊ शकेल. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशावर तुमचा नाला आणि त्याला मिळणारे ओहोळ दाखवलेले असतील. ते ओहोळही परत जोडले जाणार आहेत का, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

प्रश्न : डिचोली भागात लोहखनिजाच्या ढिगाऱ्यांवर वाळा लावावा असे सुचवतात. तेवढ्याने भागेल का? (वाचक, गोवा)

उत्तर : उताराच्या अंगावर वाळ्याच्या समतल रांगा उत्तम काम करतात, मुळे खोल जातात, रांगेमागे माती अडते आणि पाणी पसरून पुढे जाते. काठांसाठीही तो चांगला. परंतु जिथे पाणी एकत्र येऊन वाहते त्या तळात वाळा किंवा झाडे लावू नयेत, कारण प्रवाह झुडपाला वळसा घालून काठ खातो. गोव्याच्या सुमारे ३००० मिलिमीटर पावसात तळाला जांभ्याचा नव्हे, टणक दगडाचाच आधार हवा.

प्रश्न : असा ओढा 'स्थिर झाला' असे कधी म्हणता येते? (निवृत्त शिक्षक, बल्लारपूर)

उत्तर : अमेरिकेत खाण कंपनीची अनामत रक्कम वर्षाला ६६० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस असलेल्या भागात किमान पाच वर्षे आणि त्याहून कोरड्या भागात दहा वर्षे अडकून राहते, ही मुदत मुख्यतः वनस्पती तगण्याशी जोडलेली आहे. आपल्याकडे कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये खाण बंद करण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि उघड्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख रुपये, त्या वर्षीच्या किमतींनुसार, एस्क्रो खात्यात (काम पूर्ण होईपर्यंत रक्कम अडकवून ठेवणाऱ्या खात्यात) जमा करण्याची तरतूद केली. हिशेब हेक्टरांचा असल्यामुळे पाहणीतही किती झाडे जगली हेच आधी मोजले जाते. ओढ्याच्या तळाची पातळी मोजलेली मी क्वचितच पाहिली आहे.

ती मोजणे अवघड नाही. ओढ्याच्या लांबीत ठरावीक जागी, शक्यतो पक्क्या जमिनीवर, दोन्ही काठांना खुणेचे दगड रोवावेत आणि दरवर्षी ऑक्टोबरात, गाळ ओला असतानाच, त्या दगडांच्या संदर्भाने आडवा छेद आणि तळाची पातळी घ्यावी. वळण थोडे सरकले, एखादा डोह भरला व दुसरा पडला, तर काळजीचे कारण नाही. जिवंत ओढा एवढे करतोच. सलग तीन मोजण्यांत तळ एकाच दिशेने, खाली किंवा वर, जात असेल तर तो स्थिर नाही. आणि त्या वर्षांत एकही जोरदार पाऊस झाला नसेल, तर ती वर्षे हिशेबात न धरता मोजणी पुढे चालू ठेवावी.